कॅनडाचा पीआर (कायमचे वास्तव्य) मिळेल, पण थेरपी करता येईल का? (मानसिक आरोग्य क्षेत्रातील व्यावसायिकांचे स्थलांतर)

अनघा_कोथरूड (धागाकर्ती)

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. पुण्यात एम.ए. झाल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आपण सगळे जिला आरसीआय म्हणतो तिची, मान्यता असलेल्या संस्थेतून दोन वर्षांचे एम.फिल. पूर्ण केले आणि तेव्हापासून एका खासगी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात काम करते आहे. यजमान संगणक क्षेत्रात आहेत. आम्ही दोघे कॅनडाचा, त्यातही ऑन्टारिओ प्रांताचा, गंभीरपणे विचार करत आहोत.

एका सल्लागाराने आम्हाला असे सांगितले की एक्स्प्रेस एन्ट्रीमध्ये, म्हणजे पीआरसाठीच्या गुणांवर आधारित निवडपद्धतीत, आरोग्य क्षेत्रासाठी वेगळी निवड होते, सायकॉलॉजिस्ट हा व्यवसाय त्या यादीत आहे, त्यामुळे मुख्य अर्जदार म्हणून माझे नाव घातले तर काम लवकर होईल आणि तिकडे उतरल्यावर नोकरीची काळजी करण्याचे कारणच नाही. यातला पहिला भाग मी सरकारी संकेतस्थळावर पडताळून पाहिला आणि तो बरोबर आहे. दुसरा भाग ऐकताना मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. आरसीआयच्या नोंदणीवर तिथे मला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येईल का? येत नसेल तर कोणत्या नावाने करता येईल? आणि इथून निघण्याआधी कोणती कागदपत्रे हाताशी असली पाहिजेत? इंग्लंड-अमेरिकेचा अनुभव असलेल्यांनीही लिहावे. परदेशातील राहणीमानावर इथे बरेच धागे आहेत, तेव्हा या धाग्यावर चर्चा व्यवसायापुरती राहिली तर बरे होईल.

हंबरकाठ

अनघाताई, तुमची शंका रास्त आहे. सल्लागार खोटे बोलत नाहीत, पण ते ज्या दाराचे शुल्क घेतात त्या दारापुरतेच बोलतात. कॅनडात राहण्याची परवानगी केंद्र सरकार देते आणि व्यवसाय करण्याची परवानगी प्रांतातली नियामक संस्था देते. या दोन यंत्रणा एकमेकींना विचारत नाहीत. एक्स्प्रेस एन्ट्रीसाठी पदवीचे मूल्यांकन, भाषेची परीक्षा आणि कामाचा अनुभव लागतो, प्रांताचा परवाना लागत नाही. त्यामुळे सायकॉलॉजिस्टच्या 31200 या सरकारी व्यवसाय-क्रमांकाखाली पीआर घेऊन विमानतळावर उतरलेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी स्वतःला सायकॉलॉजिस्ट म्हणवू लागली, तर ते कायद्याचे उल्लंघन ठरते. मी हे नाट्यमय करण्यासाठी लिहीत नाही. आमच्या ओळखीच्या वर्तुळात ही गोष्ट पीआर हातात आल्यावर कळलेल्या व्यक्ती आहेत.

ऑन्टारिओमध्ये ‘सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी राखीव आहे आणि तिची नोंदणी ज्या कॉलेजकडे आहे (कॉलेज म्हणजे इथे नियामक संस्था, शिक्षणसंस्था नव्हे), त्याचे नाव 2024 पासून कॉलेज ऑफ सायकॉलॉजिस्ट्स अँड बिहेव्हियर अ‍ॅनालिस्ट्स ऑफ ऑन्टारिओ असे झाले आहे. हा मार्ग लांबचा आहे आणि आपल्या एम.फिल.ला इथल्या डॉक्टरेटच्या तोडीचे मानले जाईल, या भरवशावर कोणी येऊ नये.

आपल्याकडून आलेले बहुतेक जण दुसरा मार्ग घेतात, तो म्हणजे रजिस्टर्ड सायकोथेरपिस्ट होण्याचा. त्याची नियामक संस्था सीआरपीओ (कॉलेज ऑफ रजिस्टर्ड सायकोथेरपिस्ट्स ऑफ ऑन्टारिओ). प्रांताचा सायकोथेरपी कायदा 2007 चा असला तरी तो प्रत्यक्ष अमलात आला 1 एप्रिल 2015 रोजी, आणि 30 डिसेंबर 2017 पासून सायकोथेरपी ही ‘नियंत्रित कृती’ ठरली. म्हणजे गंभीर मनोविकार असलेल्या व्यक्तीवर थेरपीच्या नात्यातून उपचार करण्याचा अधिकार आता सहा नियामक संस्थांच्या सदस्यांनाच आहे: सायकोथेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट, डॉक्टर, परिचारिका, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि सोशल वर्कर. या बाहेरच्या माणसाने ‘मी फक्त समुपदेशन करते’ असे म्हणून काम सुरू ठेवणे धोक्याचे आहे.

सीआरपीओकडे अर्ज केल्यावर ते तुमच्या पदवीचे नाव पाहून थांबत नाहीत, अभ्यासक्रमात नेमके काय शिकवले हे पाहतात. आपले बहुतेक अर्ज इथेच अडकतात. आपल्या एम.फिल.मध्ये निदान आणि मानसशास्त्रीय चाचण्या यांना फार मोठे स्थान असते. बुद्धिमापन, रोर्शाक, टीएटी, मेंदूच्या कार्याच्या चाचण्या, पानेच्या पाने केस हिस्टरी, आणि सोमवारच्या केस कॉन्फरन्समध्ये सर्वांसमोर होणारी उलटतपासणी हे आपल्यापैकी प्रत्येकाला आठवत असेल. इथे मात्र ‘थेट संपर्काचे तास’ मोजताना चाचणी घेणे, गुण काढणे आणि अहवाल लिहिणे हे धरत नाहीत, कारण त्यात उपचारात्मक संवाद फारसा नसतो. दुसऱ्याची थेरपी नुसती पाहिलेली असेल तर तीही धरत नाहीत. पूर्ण नोंदणीसाठी असे 450 तास आणि क्लिनिकल पर्यवेक्षणाचे, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीचे, आपण ज्याला सुपरव्हिजन म्हणतो त्याचे, 100 तास दाखवावे लागतात. स्वतंत्रपणे, सुपरव्हिजनविना काम करायचे असेल तर हेच आकडे 1000 आणि 150 असे होतात.

याशिवाय ‘स्वतःचा सुरक्षित आणि परिणामकारक वापर’ या विषयाचे शिक्षण त्यांना हवे असते. थेरपिस्टचे स्वतःचे पूर्वग्रह, राग, जात, वर्ग, आई-वडिलांशी असलेले नाते यांचा रुग्णाशी होणाऱ्या संवादावर काय परिणाम होतो, याचा शिस्तबद्ध अभ्यास तिथे अपेक्षित आहे. आपल्याकडच्या चांगल्या सुपरव्हायझर हे शिकवतातच, पण अभ्यासक्रमाच्या छापील पानावर ते नसते आणि मूल्यांकन करणाऱ्यासमोर असते ते छापील पान.

दिलासा असा की मध्ये एक पायरी आहे. शिक्षण मान्य झाले पण तास आणि परीक्षा बाकी असेल तर ‘क्वालिफाइंग’ या वर्गात नोंदणी होते आणि सुपरव्हिजनखाली पैसे मिळवत काम करता येते. व्हिसाच्या बाबतीतही एक सुचवते: 41301 हा समुपदेशन आणि थेरपी करणाऱ्यांचा स्वतंत्र क्रमांक आरोग्य यादीत आहे. तुमचे रोजचे काम ज्या क्रमांकाच्या वर्णनाशी जुळते तोच क्रमांक घ्या. सल्लागार म्हणतो म्हणून वजनदार दिसणारा घेऊ नका.

पेनाइन_वारा

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून इंग्लंडच्या उत्तर भागात एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, आहे. इथली रचना ऑन्टारिओपेक्षा वेगळी आणि एका अर्थाने विचित्र आहे. नुसते ‘सायकॉलॉजिस्ट’ हे नाव ब्रिटनमध्ये राखीव नाही, ते कोणीही लावू शकते. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, ‘कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट’, ‘प्रॅक्टिशनर सायकॉलॉजिस्ट’ अशी नावे मात्र 1 जुलै 2009 पासून एचसीपीसी या आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेच्या अखत्यारीत आहेत. दुसरीकडे समुपदेशक आणि सायकोथेरपिस्ट यांच्यासाठी कायद्याने सक्तीची नोंदणीच नाही. बीएसीपी, यूकेसीपी या संस्था स्वेच्छेच्या आहेत, पण नोकरीच्या जाहिरातीत त्यांचे सदस्यत्व मागितले जातेच.

इथले स्थानिक उमेदवार तीन वर्षांची डॉक्टरेट करतात आणि त्या काळात त्यांना एनएचएसचा पगार मिळतो. एचसीपीसीचे परीक्षक आपले एम.फिल. त्या प्रशिक्षणाच्या प्रवीणतेच्या मानकांशी ताडून पाहतात. त्यामुळे हंबरकाठ यांनी लिहिले तोच अनुभव इथेही येतो, फक्त उलट बाजूने: चाचण्यांच्या अनुभवाची इथे कदर होते, पण किमान दोन उपचारपद्धतींमधले काम, वेगवेगळ्या वयोगटांतील रुग्ण आणि संशोधन हे सगळे पुराव्यानिशी मांडावे लागते. अर्जात ‘सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धत) येते’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या प्रकारच्या रुग्णावर, कोणाच्या देखरेखीखाली, कसे मूल्यमापन करून, हे लिहावे लागते. इंग्रजीसाठी आयईएलटीएसमध्ये सरासरी 7 आणि कोणत्याही विभागात 6.5 पेक्षा कमी नाही, अशी अट आहे.

नोंदणी होण्याआधी असिस्टंट सायकॉलॉजिस्टची जागा मिळवून आत शिरावे असा सल्ला अनेक जण देतात. माझे मत वेगळे आहे. त्या जागांवर स्थानिक पदवीधरांची प्रचंड गर्दी असते आणि सहा-सात वर्षे ओपीडी सांभाळलेल्या व्यक्तीने तिथे अडकून पडणे हे तिच्या कौशल्याचे नुकसान आहे. त्यापेक्षा भारतात नोकरी चालू ठेवून एचसीपीसीचा अर्ज नीट तयार करावा.

डॉ_बेलफळ

मी मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एम.डी. सायकियाट्री. डॉक्टरांचा मार्ग जास्त मळलेला आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. ब्रिटनमधील डॉक्टरांची नियामक संस्था असलेल्या जीएमसीच्या नोंदणीसाठी प्लॅब ही परीक्षा एक वाट आहे, तर एमआरसीसायक या मनोविकारशास्त्राच्या पात्रतेच्या पेपर ए, पेपर बी आणि सीएएससी या परीक्षा पूर्ण केल्या तर त्या पात्रतेवरही नोंदणी मागता येते. दोन वर्षे शिकून परत यायचे असेल तर एमटीआय ही प्रशिक्षणाची योजना आहे. ज्याला पूर्वी सीईएसआर म्हणत त्या कन्सल्टंटच्या नोंदणीला 2023 पासून पोर्टफोलिओ पाथवे म्हणतात आणि त्यासाठी जमवावा लागणारा कागद पाहून भलेभले हबकतात.

परीक्षांपेक्षा मला इथे लिहावेसे वाटते ते कायद्याबद्दल, कारण क्लासेसवाले ते शिकवत नाहीत. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 89 खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर रुग्णाला 30 दिवसांपर्यंत दाखल ठेवता येते आणि प्रत्यक्षात तो प्रतिनिधी बहुधा घरचाच माणूस असतो. इंग्लंडच्या 1983 च्या कायद्यात कलम 2 खाली 28 दिवसांपर्यंत, कलम 3 खाली आधी सहा महिन्यांपर्यंत, आणि आधीच दाखल असलेला रुग्ण निघून जाऊ लागला तर कलम 5(2) खाली 72 तास थांबवता येते. पण खरा फरक मुदतींत नाही. तिथे डॉक्टर ‘दाखल करत’ नाही. दोन डॉक्टर शिफारस करतात, अर्ज करते ती सहसा एएमएचपी (मान्यताप्राप्त मानसिक आरोग्य व्यावसायिक) म्हणून नेमलेली व्यक्ती, जी बहुतेक वेळा सोशल वर्कर असते, आणि ती तुमची शिफारस असूनही नाही म्हणू शकते. येरवड्यात किंवा ठाण्यात प्रशिक्षण घेतलेल्या आपल्या डॉक्टरला हे पचायला वेळ लागतो. मी तर म्हणेन की हे पचले की मगच माणूस तिथल्या कामाला तयार झाला.

दुसरे म्हणजे नातेवाईक. आपल्या ओपीडीत रुग्णाच्या आधी आई बोलते, मग भाऊ बोलतो, आणि आपल्यालाही तो इतिहास हवाच असतो. तिकडे पंचविशीतल्या मुलाच्या आईचा फोन आला तर ती सांगेल ते ऐकून घेता येते, पण मुलाच्या संमतीशिवाय तिला काहीही सांगता येत नाही. सीएएससी या प्रात्यक्षिक परीक्षेत आपले उमेदवार हमखास इथे घसरतात, कारण समोरची काळजीत असलेली आई पाहून त्यांच्या तोंडून उत्तर निघून जाते.

जर्सी_टर्नपाइक

अमेरिकेबद्दल लिहिते. इथे पन्नास राज्यांचे पन्नास नियम आहेत आणि ‘अमेरिकेचा परवाना’ असे काही नसते. सायकॉलॉजिस्टसाठी साधारणपणे डॉक्टरेट आणि ईपीपीपी ही परीक्षा लागते. मास्टर्सवर काम करायचे असेल तर त्या-त्या राज्याचे मेंटल हेल्थ कौन्सेलर, प्रोफेशनल कौन्सेलर किंवा मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टचे परवाने आहेत. न्यूयॉर्कमध्ये मेंटल हेल्थ कौन्सेलरच्या आणि कॅलिफोर्नियात प्रोफेशनल कौन्सेलरच्या परवान्यासाठी पर्यवेक्षित अनुभवाचे 3000 तास मागतात. एका राज्यातून दुसऱ्यात बदली झाली की बरेचसे सोपस्कार पुन्हा करावे लागतात. यजमानांची नोकरी फिरती असेल तर याचा विचार आधी करावा.

इथे येणाऱ्या मराठी मुलींपैकी कितीतरी जणी नवऱ्याच्या एच-1बी या कामाच्या व्हिसामागे एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर येतात. 2015 पासून काही एच-4 धारकांना काम करण्याची परवानगी मिळू लागली खरी, पण मुख्यतः नवऱ्याचा आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेला असेल तर. तोपर्यंत नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे हे 3000 तास सुरूच होत नाहीत. विद्यापीठातला अभ्यासक्रम मात्र एच-4 वर करता येतो. म्हणून माझ्या पाहण्यातल्या ज्या मुली टिकल्या, त्यांनी थांबण्याच्या काळात इथले मास्टर्स पदरात पाडून घेतले. ते खर्चिक आहे, भारतातले शिक्षण पुन्हा केल्यासारखे वाटते आणि त्याचा संतापही येतो. तरीही इंटर्नशिप आणि सुपरव्हायझर त्यातूनच मिळतात.

निशिगंध

सर्वांचे प्रतिसाद वाचून थोडी घाबरले आहे. मी मुंबईतून समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केले आणि एका शाळेत समुपदेशक आहे. एम.फिल. नाही, त्यामुळे आरसीआयची नोंदणीही नाही. माझ्यासारख्यांचे काय?

हंबरकाठ

निशिगंध, ऑन्टारिओपुरते सांगायचे तर आरसीआयची नोंदणी नसणे हा अडथळाच नाही. सीआरपीओला तुमच्या पदवीत सायकोथेरपीचे प्रशिक्षण किती होते हे हवे असते, आणि समुपदेशनाच्या काही एम.ए. अभ्यासक्रमांत ते एम.फिल.पेक्षा अधिक थेट असते. भारतात तुमच्या गटाला आजवर कोणी वाली नव्हता. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वर्तनविषयक आरोग्य क्षेत्राचा समावेश झाला आहे, पण त्याचा आधार अर्जाला मिळायला अजून अवकाश आहे. शाळेतले काम मात्र नीट वेगळे करून दाखवा. करिअर मार्गदर्शन आणि पालकसभा एका बाजूला, मुलांसोबतची सलग सत्रे दुसऱ्या बाजूला. मोजले जाते ते दुसरे.

जर कोणी सायकियाट्रिक सोशल वर्कमधून आले असेल तर त्यांनी थेरपिस्ट होण्याचा हट्ट धरण्याआधी सोशल वर्कर्सच्या कॉलेजची नोंदणी पाहावी. ऑन्टारिओत सोशल वर्कर्सना थेरपीचा अधिकार आहे, आणि नोकरदारांच्या आरोग्य विम्यात सोशल वर्करचे नाव सायकोथेरपिस्टपेक्षा आधीपासून असते. हे लहानसे वाटते, पण इथे डॉक्टर नसलेल्यांची खासगी थेरपी सरकारी विम्यातून मिळत नाही. समोरच्याच्या कंपनीच्या विम्यात तुमची उपाधी आहे की नाही यावर तुमचे भाडे अवलंबून असते. 20 जून 2024 पासून सायकोथेरपीवरचा विक्रीकर गेला, एवढाच अलीकडचा दिलासा.

तिसरा_मजला

विषयांतर होत असेल तर क्षमस्व, पण हे कोणीतरी म्हणायला हवे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार होता आणि आजारानुसार 70 ते 92 टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. आरसीआय नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मुळात मूठभर. नांदेड किंवा गडचिरोलीच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जागा भरायला माणूस मिळत नाही आणि इथे आपण परदेशात तास कसे मोजतात याची चर्चा करतो.

अनघा_कोथरूड

तिसरा_मजला, आपले म्हणणे मला नाकारता येत नाही. तरीही ज्या जिल्हा कार्यक्रमाचा आपण उल्लेख करता, त्यात माझ्या बरोबरच्या काही जणींनी कंत्राटी पदांवर काम केले आहे. पगार महिनोनमहिने रखडणे, दर वर्षी पुनर्नियुक्तीची टांगती तलवार आणि चाचण्यांचे साहित्य स्वतःच्या खिशातून घेणे, हे सगळे सोसून त्या थकल्या आणि पुण्या-मुंबईत परतल्या. त्यांनी परदेशी जाऊ नये असे सांगण्याचा नैतिक अधिकार कोणाला आहे, हे मला ठरवता येत नाही. या प्रश्नावर वेगळा धागा काढावा, मी तिथे जरूर लिहीन.

हंबरकाठ, दोन शंका राहिल्या. नोंदणी होईपर्यंतच्या काळात टोरांटोत बसून माझ्या पुण्यातल्या जुन्या रुग्णांना ऑनलाइन पाहिले तर चालेल का? आणि माझ्या एम.फिल.च्या मार्गदर्शक पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत, त्यांच्याकडून आता काय लिहून घ्यावे?

हंबरकाठ

ऑनलाइन सत्रांबद्दल: रुग्ण पुण्यात असला तरी तुम्ही ऑन्टारिओच्या हद्दीत बसून काम करत असता, त्यामुळे ‘रुग्ण भारतीय आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फेसबुक गटावरचे उत्तर चौकशीच्या वेळी कामाला येत नाही. आणि रुग्णाची प्रकृती अचानक बिघडली तर पुण्यात कोणी धावून जायचे, कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हे आधी ठरलेले नसेल तर परवानगी असूनही ते काम करू नये असे मला वाटते.

मार्गदर्शकांबद्दल: हे काम निवृत्तीच्या आधीच उरका, कारण नंतर लेटरहेड आणि शिक्का मिळवणे फार अवघड जाते. ‘ही गुणी विद्यार्थिनी आहे’ असे प्रशस्तिपत्र कोणाच्याच कामाचे नसते. त्यांनी कालावधी, थेरपीचे तास, चाचण्यांचे तास आणि व्यक्तिगत तसेच गटातील सुपरव्हिजनचे तास वेगवेगळे लिहावेत, स्वतःची पात्रता आणि नोंदणी क्रमांक द्यावा आणि निवृत्तीनंतरही चालू राहील असा ईमेल पत्ता द्यावा. राउंडच्या वेळी कॉरिडॉरमध्ये झालेली चर्चा सुपरव्हिजन म्हणून लिहू नका, तिच्यामुळे बाकीच्या तासांवरही संशय येतो. जुनी लॉगबुके असतील तर त्यातली रुग्णांची नावे झाकून प्रत्येक पान स्कॅन करा.

त्याबरोबर तुम्ही शिकलात त्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाकडून प्रमाणित करून घ्या, आजचा नव्हे. यूजीसीने एम.फिल. बंद करताना क्लिनिकल सायकॉलॉजीला 2025-26 पर्यंतच मुदत दिली होती, त्यामुळे काही वर्षांनी विभागातल्या कारकुनाला ती फाइल कोणत्या कपाटात आहे हेही सांगता येणार नाही. पदवी मूल्यांकनासाठी गुणपत्रके विद्यापीठाकडूनच थेट जावी लागतात. आरसीआयकडून ‘गुड स्टँडिंग’चे, म्हणजे नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचे, प्रमाणपत्र मागवा आणि त्याआधी तुमचे सीआरईचे, म्हणजे सततच्या प्रशिक्षणाचे, गुण आणि नूतनीकरण चालू आहे का ते तपासा, कारण नोंदणी खंडित असेल तर ते प्रमाणपत्र मिळण्यात अडचण येते. सध्याच्या रुग्णालयातल्या थेरपी सत्रांची नोंद आजपासूनच वेगळ्या वहीत ठेवायला लागा आणि महिन्याच्या शेवटी विभागप्रमुखांची सही घेत जा.

अनघा_कोथरूड

धन्यवाद. मार्गदर्शकांना भेटण्याची वेळ मागितली आहे आणि मुख्य अर्जदार म्हणून कोणाचे नाव घालायचे हा निर्णय सीआरपीओकडून अभ्यासक्रमाबद्दल उत्तर येईपर्यंत पुढे ढकलला आहे.